खडू कोणत्या खिशात होता

सरांच्या नाकावर राग असायचा आणि पँटच्या खिशात खडूचा तुकडा. रागाबद्दल अख्खं कॉलेज बोलायचं. खडूचं मर्म मात्र आम्हा स्कोअरच्या टेबलावर बसणाऱ्यांनाच ठाऊक होतं. आणि सरांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, कारण सरांच्या सगळ्या पँटींचे खिसे आतून पांढरे झालेले असत आणि ते धुवावे लागायचे वहिनींना.

सर म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात. पुस्तकं देणं, परत घेणं आणि उशीर करणाऱ्यांवर डोळे वटारणं हे माझं काम. खेळाशी संबंध एवढाच की व्यायामशाळेतला आरडाओरडा खिडकीतून आत यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायची. एक दिवस सर स्वतःच ग्रंथालयात आले. मला वाटलं, खिडकीवरून भांडायला आले. ते काउंटरवरचं माझं रजिस्टर उघडून पानं चाळत राहिले आणि म्हणाले, "बाई, एवढ्या पानांत एक खाडाखोड नाही?"

"नाही," मी म्हटलं. "खाडाखोड करायची तर लिहायचं कशाला?"

"मग शनिवारी मॅचला या. आमचा स्कोअर लिहिणारा माणूस खेळ बघत बसतो. मला खेळ न बघणारं माणूस हवंय."

अशी मी टेबलावर बसले, ती अठरा वर्षं उठले नाही. नियमांचं पुस्तक पाठ केलं, परीक्षा दिल्या, आणि ज्या आरडाओरड्याला मी वैतागायची त्याच्या मधोमध शनिवार-रविवार काढू लागले. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "घरात कोण किती पोळ्या खातं ते हिला माहीत नाही, आणि तिथे कोणी किती चेंडू टाकले ते लिहिते." खरंच होतं ते.

आता बाणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. खेळताना दोन्ही संघांच्या मुलींनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरला आणि कोणीच सोडेना, तर पंच शिट्टी मारतात आणि आमच्या टेबलाकडे बघतात. टेबलावर एक बाण असतो. तो ज्या संघाच्या बाजूने असेल, चेंडू त्यांचा. मग बाण फिरवायचा, पुढची पाळी दुसऱ्यांची. खेळाच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागाची सुरुवात कोणी करायची तेही बाणच ठरवतो. मध्यंतरानंतर संघ मैदानाच्या बाजू बदलतात, म्हणून तेव्हा बाण जास्तीचा एकदा फिरवावा लागतो. एकदाच. आमचा बाण कॉलेजच्या सुताराने करून दिलेला होता, लाल रंगाचा, मधोमध खिळा. बोटाने ढकलला की गर्रकन फिरायचा.

या पाळीची नोंद स्कोअरशीटवर कुठेही होत नाही. म्हणून सर ती खिशात ठेवायचे. खडू उजव्या खिशात असला की पुढची पाळी आपली, डाव्या खिशात असला की त्यांची. खेळ चालू असताना त्यांचा हात सारखा खिशात जायचा. मुलींनी त्यांना 'खडू सर' हे नाव पाडलं होतं आणि ते समोर नसले की 'सर' गाळून 'खडू'ला एक 'स' जोडायच्या.

नाव काही अगदीच अस्थानी नव्हतं. पहिल्याच वर्षी उपांत्य सामन्याला कर्णधार तीन मिनिटं उशिरा आली म्हणून सरांनी तिला पूर्ण वेळ बाकावर बसवलं. ती संस्थेच्या अध्यक्षांची भाची. सामना गेला आणि सरांची नोकरी जाता जाता राहिली. "तीन मिनिटांनी असं काय बिघडतं?" प्राचार्यांनी विचारलं. सर म्हणाले, "आमच्या खेळात तीन सेकंदांनी बिघडतं." हे ऐकून प्राचार्य जास्तच बिघडले.

मग बादलीचं प्रकरण. पंचांचा एक निर्णय पटला नाही म्हणून सरांनी पाण्याच्या बादलीला लाथ मारली. यात बादलीचा काही दोष नव्हता, आणि ती ज्यांच्या नडगीवर आदळली त्या दुसऱ्या पंचांचा तर मुळीच नव्हता. चार सामन्यांची बंदी झाली. माफीपत्र मी लिहून दिलं. त्यात मी 'अनवधानाने' असा शब्द घातला होता. सरांनी तो खोडला. "लाथ काही अनवधानाने नाही मारली हो, बाई. नेम धरून मारली. पंचांना लागलं ते अनवधानाने. तसं लिहा." माझ्या हातून खाडाखोड असलेला कागद बाहेर गेला तो पहिलाच.

दोन वर्षं घासूनपुसून तयार केलेली सर्वांत उंच मुलगी एका कॉलेजने वसतिगृहात स्वतंत्र खोली देऊन पळवली. तिने आमच्याविरुद्ध पहिली बास्केट केली तेव्हा सरांनी टाळी वाजवली. आमच्या मुलींनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. असं काही ना काही चालूच असायचं. दरवर्षी कोणीतरी सरांना काढायची भाषा करायचं आणि सर टिकायचे, कारण माणूस तापट आहे, आडमुठा आहे, तोंडाचा फटकळ आहे, हे सगळे म्हणत; पण लबाड आहे असं त्यांना पाण्यात पाहणारेही म्हणत नसत.

अठराव्या वर्षी संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला, आणि तोही आमच्याच व्यायामशाळेत. त्याच महिन्यात माझं नाव वरच्या पॅनेलसाठी गेलं होतं. म्हणजे मोठमोठ्या स्पर्धांच्या टेबलावर बसायचं, विमानाने जायचं. माझ्यासारख्या पुस्तकांना कव्हरं घालणाऱ्या बाईला हे केवढं वाटत असेल!

मध्यंतर झालं. मी बाण फिरवला आणि माझ्या सवयीप्रमाणे त्याच्या टोकाला चष्म्याचं घर टेकवून ठेवलं. ही माझी खूण. घर टेकवलं म्हणजे काम झालं. एवढ्यात प्राचार्यांनी हाक मारली. प्रमुख पाहुण्यांपुढे मला उभं करून ते म्हणाले, "या आमच्या बाई. अठरा वर्षांत एकही चूक नाही." पाहुणे वा वा म्हणाले. मी चहाचा कप हातात घेऊन हवेत तरंगत होते. परत आले तोवर मुली मैदानात उतरत होत्या. मी घाईघाईने घर उचललं, चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बाण फिरवला.

शेजारी वेळ सांभाळायला भौतिकशास्त्राचे प्रयोगशाळा साहाय्यक बसलेले. त्यांनी विचारलं, "बाई, बाण?"

"फिरवला," मी म्हटलं, ते अशा आवाजात की माणसाने पुन्हा विचारू नये.

पंचांनी बाण बघून चेंडू आमच्या मुलींना दिला. सरांचा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. विचार करून हलवली असंही नाही. सरांनी टेबलाकडे बघितलं की माझी मान आपोआप हलायची. त्यांनी डाव्या खिशातून खडू काढला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि उजव्या खिशात टाकला. खेळ सुरू झाल्यावर तो परत डाव्या खिशात गेला. तिथून पुढे बाण आणि खडू बरोबरच फिरले, दोन्ही चुकीचे.

शेवटचे अकरा सेकंद राहिले तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. दोघींनी चेंडू धरला. बाण आमचा. आमच्या कर्णधाराने बास्केट केली आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. मुलींनी सरांना उचललं. एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं होतं, पण दात दिसतील असं त्या दिवशीच.

मी बेरीज तपासली, सही केली, चष्मा काढला आणि घर शोधायला हात बाणाकडे नेला. घर तिथे नव्हतं. ते माझ्या कोपराशी पडलं होतं, मघाशी मीच उचलून ठेवलेलं. घर टोकाला टेकवलेलं होतं, म्हणजे बाण आधीच फिरवलेला होता. मी तो दोनदा फिरवला होता.

हे डोक्यात उतरतंय तोवर पाहुण्या संघाची व्यवस्थापक समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात वही होती, पहिल्या अर्ध्या खेळातल्या पाळ्या लिहिलेली. "तुमचा बाण चुकला," ती म्हणाली.

"बाण बरोबर होता," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं ते. आणि एकदा निघाल्यावर त्याच्यामागे उभं राहावं लागलं.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. तीन सदस्य, मधोमध पाण्याचा जग, त्यावर उपडा ग्लास. मला आधी विचारलं. मी सांगितलं, मध्यंतरात बाण फिरवला, बरोबर फिरवला. मग सरांची पाळी आली. त्यांनी काहीच सांगितलं नसतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. एक वही एकीकडे, आमचं टेबल दुसरीकडे, संपलं. पण सर म्हणाले, "तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला माझा खडू डाव्या खिशात होता. म्हणजे माझ्या हिशेबाने पाळी त्यांची होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बाईंकडे बघितलं. बाई चुकत नाहीत. म्हणजे मीच मध्ये कुठेतरी खडू बदलायला विसरलो असणार."

समितीतला एक जण म्हणाला, "हे तुम्ही लिहून द्याल?" सरांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून लिहिलं, आणि मी मूग गिळून गप्प बसले. एक वाक्य बोलायचं होतं. चषक तरीही गेला असता, पण सर सरळ उभे राहिले असते. पॅनेलवरून नाव जाईल याची भीती होती, ती होतीच. पण खरं कारण त्याहून लहान आणि लाजिरवाणं आहे. ज्या प्राचार्यांनी मला बिनचूक म्हणून मिरवलं होतं ते मागच्याच खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यापुढे 'मी चुकले' म्हणायला माझी जीभ रेटेना.

निकाल असा लागला: टेबलाची चूक सिद्ध होत नाही, मात्र यजमान प्रशिक्षकांना शंका आली असूनही त्यांनी ती पंचांना कळवली नाही. सामना रद्द, चषक कोणालाच नाही, प्रशिक्षकांवर एक वर्षाची बंदी. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'खिशात खडू, मनात काळंबेरं'. बाहेरचे त्यांना लबाड म्हणू लागले आणि घरचे घरभेदी. कर्णधार मुलगी त्यांना म्हणाली, "सर, तुम्हाला कोणी विचारलं होतं का खिशात काय होतं ते?" त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. बादलीची आणि भाचीची जुनी प्रकरणं फायलीतून वर आली. प्राचार्यांनी सरांना चेंडू आणि जाळ्या मोजायला भांडारात बसवलं.

त्याच आठवड्यात सर ग्रंथालयात आले. मला वाटलं, आता विचारणार. मी काउंटरची कड घट्ट धरून उभी होते.

"बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "माझाच खडू चुकला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. माझ्याच वयात. आधी लहानसहान विसरायचे, मग घरचा रस्ता."

"काहीतरीच काय, सर!" असं म्हणून मी हसले. हो, हसले मी.

बंदी संपायच्या आतच त्यांनी राजीनामा दिला. त्यांना दुसऱ्या एका कॉलेजने बोलावलं होतं म्हणे, पण त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. मी वरच्या पॅनेलवर गेले. विमानाने गेले. प्रत्येक मध्यंतराला बाण फिरवताना मोठ्याने 'फिरवला' म्हणायची आणि शेजारच्यालाही म्हणायला लावायची. लोकांना ते शिस्तीचं वाटायचं. प्रशिक्षणवर्गात माझं उदाहरण देत.

आठ वर्षं अशी गेली. मग एका दुपारी वहिनी ग्रंथालयात आल्या. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. "स्मरणशक्तीच्या व्यायामाचं एखादं पुस्तक आहे का हो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. त्या सांगत गेल्या. घरातल्या प्रत्येक खणावर सरांनी चिठ्ठी चिकटवली आहे. शेगडी बंद केली की वहीत लिहितात, दार लावलं की लिहितात. एकटे घराबाहेर पडत नाहीत, रस्ता विसरू म्हणतात. "तीन डॉक्टर झाले. तिघांनी सांगितलं, डोकं ठणठणीत आहे. शेवटचा तर म्हणाला, माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण यांना पटेल तर ना! म्हणतात, डॉक्टरांना काय कळतंय, माझं तर अंतिम सामन्यात खडू चुकला तेव्हाच सुरू झालं."

मी पुस्तक शोधायचं निमित्त करून कपाटामागे गेले आणि तिथेच उभी राहिले. मला वाटत होतं, मी सरांची नोकरी घेतली. नाव घालवलं. ते काय कमी होतं? पण मी त्यांच्याकडून त्यांचं डोकंही काढून घेतलं होतं, चांगलं चालतं डोकं, आणि त्यांना ते परत देणं फक्त माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. कॉलेजने नवा विजेवर चालणारा बाण घेतल्यापासून जुना माझ्याकडेच होता; तो पिशवीत घातला. सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर वही आणि दोरा बांधलेलं पेन. "या बाई," म्हणाले आणि वहीत माझं नाव आणि वेळ लिहिली.

मी बाण टेबलावर ठेवला. "सर, मध्यंतरात मी हा असा फिरवला. मग पाहुण्यांकडे गेले. परत आले आणि पुन्हा फिरवला. दोनदा. सही करतानाच मला कळलं होतं. तुमचा खडू बरोबर होता."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

सर बाणाकडे बघत होते. त्यांनी बोटाने तो एकदा फिरवला, मग परत फिरवला. "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही, सर."

"डाव्या खिशात होता तो बरोबर होता?"

"बरोबर होता."

"आणि तुम्ही मान हलवलीत."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "लिहा. तारीख घाला. सही करा." मी लिहिलं. एक शब्द खोडून परत लिहावा लागला. त्यांनी ते दोनदा वाचलं, पान कडेने सरळ फाडलं आणि मला परत दिलं. "मला कळलं. मला आता कागद नको. ज्यांना द्यायला हवा होता त्यांना द्या." नंतर ते खिडकीकडे तोंड करून बसले. बादलीला लाथ मारणारा माणूस ओरडेल अशी मी तयारी करून गेले होते. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी पान समितीकडे पाठवलं आणि त्याबरोबर पॅनेलचा राजीनामा. महिन्याभराने दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण जुने असून बंद करण्यात आलेले आहे, राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. पेपरात मथळा वगैरे काही आला नाही. ते पत्र घेऊन मी पुन्हा सरांच्या घरी गेले. निदान हे केलं, एवढं तरी त्यांना दाखवावं म्हणून.

दार वहिनींनी उघडलं. आत खणांवरच्या चिठ्ठ्या गेलेल्या होत्या. नुसते चिकटपट्टीचे डाग उरले होते. "ते बाहेर गेलेत," त्या म्हणाल्या. "एकटेच जातात आता. काही लिहून ठेवत नाहीत." हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले, पण त्या मला आत या म्हणाल्या नाहीत.

मी खाली उतरले तर सर रस्त्याच्या कडेने येताना दिसले. चाल पूर्वीचीच, ताठ. एक हात खिशात. मी फाटकाशी पत्र हातात धरून उभी राहिले. त्यांनी समोरून माझ्याकडे बघितलं, सरळ बघितलं, आणि कोणी अनोळखी बाई वाटेत उभी असावी तसे बाजूने निघून गेले. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज वर वर जात राहिला. सर मला विसरले असतील असं म्हणण्याची सोय मला राहिली नव्हती. त्यांना सगळं नीट आठवतं, हे मीच त्यांना लिहून दिलं होतं.